मराठवाड्यातील अंगण आणि हिरवळ: कमी खर्चात गवत कापत राहण्याची पद्धत

मराठवाड्यात हिरवळ लावणे फारसे अवघड नाही. ती कापत राहणे अवघड आहे, हे नवीन घर बांधलेल्यांना पहिल्याच पावसाळ्यात कळते. मृगात लावलेली हराळी पुनर्वसूपर्यंत मूळ धरते, पुष्यात घोट्याला लागते आणि आश्लेषांचा पाऊस लागून राहिला की पोटरीपर्यंत पोचते. मग गवत कापणाऱ्या माणसाची शोधाशोध सुरू होते. त्या आठवड्यात तो गल्लीतल्या प्रत्येकालाच हवा असतो, म्हणून तो म्हणेल तो आकडा मान्य करावा लागतो आणि पंधरा दिवसांनी तेच पुन्हा घडते. ज्यांना यासाठी दर महिन्याला पैसे मोजणे परवडत नाही, आणि ज्यांनी वावरातले गवत उपटले असले तरी अंगणातले गवत कधी राखलेले नाही, अशांसाठी हा लेख आहे. माझी हिरवळ परभणीत, घरापुढे, दहा फूट बाय वीस फुटांची आहे. पुढचे सगळे हिशेब त्याच मापाने केले आहेत. आपल्या अंगणाप्रमाणे ते वाढवता किंवा कमी करता येतील.

आधी वर्षाच्या कापण्या मोजाव्यात

यंत्र पाहायला दुकानात जाण्याआधी एक कागद घेऊन आपल्याला वर्षातून किती वेळा गवत कापावे लागेल, हे लिहून काढावे. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या घरात असतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हराळी हे उष्ण हवेचे गवत आहे. जमिनीत ओल असेल आणि हवा २७ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तेव्हा ते झपाट्याने वाढते, थंडीत मंदावते आणि उन्हाळ्यात पाणी तुटले की पिवळे पडून थांबते. मे महिन्यात ते मेल्यासारखे दिसते, पण जमिनीखालच्या कांड्या जिवंत असतात आणि पहिल्या दोन पावसांत पुन्हा फुटतात. जी हराळी वावरातून हटवण्यात आपल्या वाडवडिलांची आयुष्ये गेली, तिचाच हा चिवटपणा अंगणात आपल्या कामी येतो.

या चक्राप्रमाणे जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी एक, म्हणजे दहाच्या आसपास कापण्या होतात. ऑक्टोबरमध्ये दोन पुरतात. हिवाळ्यात थोडे पाणी देत राहिल्यास फेब्रुवारीपर्यंत आणखी तीन लागतात. उन्हाळ्यात पाणी न दिल्यास एकही लागत नाही. बेरीज पंधरा झाली. दोनशे चौरस फुटांना ढकलण्याच्या यंत्राने साधारण वीस मिनिटे लागतात, म्हणजे वर्षाचे काम पाच तासांचे आहे. वर्षातून पाच तास चालणाऱ्या आणि उरलेला काळ जिन्याखाली पडून राहणाऱ्या वस्तूसाठी किती पैसे घालावेत, हे आता ज्याचे त्याने ठरवावे. दुकानदार कधी हा हिशेब मांडून दाखवत नाही आणि त्याने तो का दाखवावा!

उन्हाळ्यात पाणी देऊन हिरवळ हिरवी ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. दोनशे चौरस फूट म्हणजे सुमारे साडेअठरा चौरस मीटर. आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी द्यायचे ठरवले तर सुमारे ४६५ लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे सव्वादोन ड्रम, दर आठवड्याला लागतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. त्या भागात राहणाऱ्याने वैशाखात हिरवळीवर नळी सोडणे मला तरी पटत नाही. शिवाय पाणी दिले की गवत वाढते आणि वाढले की कापावे लागते, म्हणजे पैसे दोनदा जातात. हात-पाय धुतल्याचे किंवा आंघोळीचे पाणी अधूनमधून सोडण्यास हरकत नाही, पण कपडे धुतल्याचे सोड्याचे पाणी काळ्या जमिनीत जिरवू नये. त्यातल्या सोडियममुळे वरचा थर चोपण होतो आणि पाणी मुरेनासे होते.

जागा कमी करणे आणि कडा बांधणे

सर्वात मोठी बचत फावड्याने होते. पाच-सहा माणसांना संध्याकाळी सतरंजी टाकून बसायला दोनशे चौरस फूट पुरेसे असतात. त्याहून जास्त जागा असेल तर ती कढीपत्ता, शेवगा, लिंबू यांना द्यावी किंवा मुरूम टाकून मोकळी ठेवावी. हिरवळीचा आकार सरळ आयताकृती असावा. चित्रातल्यासारखी वळणे आणि मधोमध बेटे केली, तर यंत्र जिथे पोचत नाही तिथे दरवेळी खाली बसून विळ्याने कापावे लागते आणि वीस मिनिटांचे काम तासावर जाते.

कडेसाठी घराच्या बांधकामातून उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे उत्तम. हिरवळीभोवती अर्धा फूट रुंदीची चर खोदून त्यात हे तुकडे जमिनीच्या पातळीला, किंचितही वर न राहतील असे बसवावेत. कापताना यंत्राचे एक चाक फरशीवरून चालते, पाते कडेचे गवत पूर्ण घेते आणि हाताने कापायचे काही उरत नाही. फरशी नसेल तर विटा आडव्या बसवाव्यात. झाडाच्या बुंध्याभोवती एक फूट त्रिज्येचे आळे मोकळे ठेवावे. नवशिके लोक ब्रश कटरची (खांद्याला अडकवून चालवायचे, लांब दांड्याचे गवत कापण्याचे यंत्र) नायलॉन दोरी बुंध्यापर्यंत नेतात, साल सगळीकडून सोलली जाते आणि दोन वर्षे जपलेला आंबा महिनाभरात वाळतो, हे मी तीन घरी पाहिले आहे.

कोणते हत्यार घ्यावे

पन्नास ते शंभर चौरस फुटांसाठी विळ्यापलीकडे काहीही घेऊ नये. आठवडी बाजारात लोहाराकडे मिळणारा साधा विळा किंवा वैभव विळा या नावाने विकला जाणारा दातेरी विळा शे-दोनशे रुपयांत येतो. दातेरी विळ्याला वरचेवर धार लावावी लागत नाही, हा त्याचा फायदा; मात्र तो ओढून कापतो, त्यामुळे ओले किंवा अगदी आखूड गवत त्याच्यातून निसटते. विळ्याने कापताना डाव्या मुठीत गवत धरून मुठीखालून कापण्याची शेतातली सवय इथे सोडावी लागते, कारण त्या पद्धतीने गवत जमिनीलगत कापले जाते. मूठ न धरता विळा जमिनीपासून दोन बोटे वर आडवा ठेवून, छोट्या झटक्यांनी, आपल्याकडे ओढत जावे. मला दोनशे चौरस फुटांना या पद्धतीने पावणेदोन तास लागत. पाठ दुखते, हे खरे आहे. बसायला लाकडी पाट घेतल्यास थोडे सुसह्य होते.

शंभर ते पाचशे चौरस फुटांसाठी हाताने ढकलण्याचे पिंजऱ्याचे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. याला मोटार नसते, पेट्रोल नसते, वायर नसते. चाके फिरली की त्यांना जोडलेला वळणदार पात्यांचा पिंजरा फिरतो, गवत खालच्या स्थिर पात्यावर दाबतो आणि कात्रीसारखे कापतो. कात्रीसारखा काप स्वच्छ असल्याने शेंडे पांढरे पडत नाहीत. याचे दोष दोन. एक म्हणजे गवत वीतभर वाढले की ते पिंजऱ्यात शिरण्याऐवजी पुढे वाकते आणि यंत्र त्याच्यावरून निघून जाते. दुसरे म्हणजे सुपारीएवढा खडासुद्धा पात्यांमध्ये अडकला की यंत्र जागच्या जागी थांबते. पहिल्या दोषावर वेळेवर कापणी हा उपाय आहे आणि दुसऱ्यावर कापणीआधी खडे वेचणे.

ही यंत्रे नवी घेतली तर काही हजारांत जातात, पण जुनी बरीच स्वस्तात मिळतात, कारण हौसेने घेतलेले यंत्र दोन वर्षांत कोपऱ्यात पडते. मी माझे बदली होऊन निघालेल्या एका गृहस्थांकडून घेतले आणि घेताना चाके गोल फिरतात एवढेच पाहिले. घरी आणून चालवले तर गवत कापले जाईना, नुसते आडवे पडे. खालचे पाते मधोमध झिजून वाटीसारखे झाले होते. नवे पाते मिळेना, शेवटी वर्कशॉपमध्ये ते घासून सपाट करून घ्यावे लागले आणि यंत्राच्या किमतीच्या निम्मे पैसे त्यात गेले. म्हणून जुने यंत्र घेताना खिशात वर्तमानपत्राचा एक तुकडा न्यावा. यंत्र उलटे करून तो कागद पिंजऱ्याचे पाते आणि स्थिर पाते यांच्यामध्ये धरावा आणि लाकडाच्या काडीने पिंजरा हळूहळू फिरवावा. बोटाने फिरवू नये. हळू फिरणारे पातेदेखील बोटाचे पेर घेऊ शकते. डाव्या टोकाला, मध्यभागी आणि उजव्या टोकाला, तिन्ही ठिकाणी कागद कात्रीने कापल्यासारखा कापला गेला तर यंत्र घ्यावे. टोकाला कापला जात नसेल तर बाजूचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून ते जमते. मध्यभागी कापला जात नसेल तर भाव निम्म्यावर आणावा किंवा परत फिरावे. त्याचबरोबर पिंजरा हाताने वर-खाली हलवून पाहावा; खडखडला तर बेअरिंग गेलेले आहे.

विजेवरची मोटार असलेले यंत्र पाचशे चौरस फुटांच्या वर असेल तरच विचारात घ्यावे. त्याचा वीजखर्च मात्र लोक समजतात तेवढा नाही. हजार वॉटची मोटार सलग तासभर चालली की एक युनिट होते, त्यामुळे वीस मिनिटांच्या कापणीला एक तृतीयांश युनिट लागते. खरा खर्च वायरीचा आणि चुकांचा असतो. अंगणापर्यंत न्यायची वायर बारीक घेऊ नये. दीड चौरस मिलिमीटरची, तीन कोरची, जोड नसलेली घ्यावी. ती नेहमी कापून झालेल्या बाजूला, आपल्या पाठीमागे ठेवावी. ज्या सॉकेटमधून वीज घेतली त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. पाऊस पडत असताना किंवा गवत ओले असताना हे यंत्र बाहेर काढूच नये. अडकलेले गवत काढताना स्विच बंद करणे पुरेसे नाही, पिन सॉकेटमधून उपसून हातात घ्यावी.

ब्रश कटर हे हिरवळीचे हत्यार नाही. ते बांधावरच्या, उताराच्या, गुडघाभर वाढलेल्या गवतासाठी आहे. त्याने हिरवळ एकसारखी कापणे सरावलेल्या माणसालाही कठीण जाते. घरी एक विकत घेण्यापेक्षा वर्षातून एखाद्या वेळी माणसासकट भाड्याने बोलवावे.

चार शेजाऱ्यांनी मिळून एकच यंत्र घेणे हा मार्ग सांगायला सोपा आणि पाळायला अवघड आहे, कारण पाऊस उघडला की चौघांनाही ते त्याच सकाळी हवे असते. वार आधी ठरवून घ्यावेत आणि धार लावण्याचा खर्च कोणाकडे, हेही पहिल्याच दिवशी बोलून घ्यावे.

मृगाआधीची तयारी

रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, गवत वाळलेले आणि जमीन उघडी असते. कापणी सोपी व्हावी म्हणून करायचे सगळे काम याच वेळी होते. काळ्या जमिनीला पडलेल्या भेगा आणि खड्डे बारीक पोयटा (गाळाची माती) व चाळलेले शेणखत निम्मे-निम्मे मिसळून भरावेत. थर एका वेळी एका बोटापेक्षा जाड देऊ नये, नाहीतर खालचे गवत गुदमरते. खड्डा खोल असेल तर पंधरा दिवसांनी दुसरा थर द्यावा. उंचवटे खुरप्याने खरवडून काढावेत. जमीन जितकी सपाट तितके गवत आखूड ठेवता येते. उंचवटा राहिला तर दर वेळी पाते तिथे मातीला लागते, धार जाते आणि तेवढी जागा बोडकी पडते. खडे, खिळे, बांधकामाची तार, काचा वेचून एका डब्यात टाकाव्यात. नव्या घराच्या अंगणात हे काम एकदा करून संपत नाही, पहिली दोन-तीन वर्षे दर पावसात काहीतरी वर येते.

वाफसा पाहून कापावे

काळ्या मातीत पेरणीला वाफसा, म्हणजे चिखल नाही आणि कोरडेही नाही इतपत ओल, लागतो, तसाच तो कापणीलाही लागतो. ओल्या काळ्या मातीवर चालले की पाऊल रुतते, यंत्राच्या चाकांना चिखलाचे गोळे चिकटतात, पिंजरा फिरेनासा होतो आणि दाबलेली माती उन्हात विटेसारखी घट्ट होते. त्या घट्ट जागी पुढच्या वर्षी हराळी विरळ येते आणि लव्हाळा हे तण दाट येते. वाफसा पाहण्यासाठी दोन बोटे खोलीवरची चिमूटभर माती काढून मुठीत दाबावी. मूठ उघडल्यावर ढेकूळ राहिले आणि अंगठ्याने दाबताच फुटले, तर कापायला हरकत नाही. माती बोटांना चिकटून राहिली तर उद्या पाहावे. त्याहून सोपी खूण म्हणजे हिरवळीवरून चार पावले चालून चपलेचा तळ पाहणे.

श्रावणात झड लागली की सहा-सात दिवस वाफसाच येत नाही आणि इकडे गवत वाढत राहते. अशा वेळी वेळापत्रक पाळण्याचा हट्ट धरू नये, पण उघडीप मिळाली की पहिल्याच दुपारी कापावे, रविवारची वाट पाहू नये. कमी खर्चात गवत राखायचे तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत कॅलेंडरपेक्षा आभाळाकडे पाहून काम करावे लागते. दोन कापण्यांमध्ये जितके दिवस वाया जातात तितके काम वाढते, आणि तीन आठवडे गेले की ते आपल्या हातातले राहत नाही, पैसे देऊन करून घ्यावे लागते. दिवसातली योग्य वेळ म्हणजे दव वाळल्यानंतरचे दहा-अकरा किंवा दुपारी चारनंतरची.

बोटांचे माप

गवत किती ठेवावे, यासाठी पट्टी लागत नाही. हाताची बोटे एकमेकांना लावून आडवी जमिनीवर उभी करावीत. दोन बोटे म्हणजे साधारण साडेतीन सेंटीमीटर, तीन बोटे म्हणजे पाच. गवत तीन बोटे झाले की कापून दोन बोटे ठेवावे, हा पावसाळ्याचा नियम. यामागचे कारण असे की एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पान काढले, तर उरलेल्या पानांना मुळांचे पोषण भागवता येत नाही. गवत मुळांतला साठा खर्च करून पाने फोडते, मुळे उथळ होतात आणि पुढच्या उघडिपीत ते लवकर सुकते. ऑक्टोबरनंतर गवत तीन बोटे ठेवावे, म्हणजे जमिनीवर सावली राहते, ओल टिकते आणि थंडीत गवत अगदीच खंगत नाही. यंत्राला उंची बदलण्याची खाच असते. ती एकदा मोजून लावावी आणि शेवटी कापलेल्या गवतावर बोटे ठेवून खात्री करावी, कारण मऊ जमिनीत चाके थोडी खाली बसतात.

अगदी जमिनीलगत कापले तर पुढचे पंधरा दिवस सुट्टी मिळेल, असा हिशेब अनेक जण करतात. मीही पहिल्या वर्षी तो केला होता. तेव्हा माझ्याकडे यंत्र नव्हते. तीन आठवडे पावसाची झड आणि पाहुण्यांची वर्दळ यांत गेले आणि गवत गुडघ्याला आले. ब्रश कटरवाल्याला गुत्त्याने काम दिले आणि वर स्वतःच सांगितले की, ‘भाऊ, एकदम खालपर्यंत घ्या.’ त्याने सांगितले तसेच केले. उंच गवताच्या खाली पाने नसतातच, नुसत्या पिवळट काड्या असतात. त्या उघड्या पडल्या, भाद्रपदातले कडक ऊन लागले आणि सगळे अंगण पोळलेल्या चटईसारखे झाले. मोकळ्या जागेत गाजरगवत आणि केना उगवला. पुढचे दोन महिने मी कापणीऐवजी खुरपणी करत होतो.

गवत हाताबाहेर गेलेच तर ते तीन टप्प्यांत खाली आणावे. पहिल्या दिवशी विळ्याने वरचा एक तृतीयांश भाग काढावा. पाच-सहा दिवस थांबून पुन्हा तेवढेच काढावे. तिसऱ्या वेळी यंत्र चालवावे. उंच गवतात हात घालण्याआधी काठीने ते चांगले झोडपून घ्यावे आणि पायात बूट घालावेत. पावसाळ्यात आपल्याकडे घोणस आणि नाग घरापर्यंत येतात. दंश झालाच तर बांधाबांध आणि मंत्र-तंत्र यांत वेळ न घालवता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे.

प्रत्यक्ष कापणी

खडे आणि काड्या वेचून झाल्या की आधी चारही कडांनी एक-एक फेरी मारावी, म्हणजे वळायला जागा होते. मग लांबीच्या दिशेने सरळ पट्टे घ्यावेत आणि प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर चार बोटे चढवावा. असे न केल्यास दोन पट्ट्यांमध्ये मिशीसारखी ओळ राहते, जी कापताना दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठळक दिसते. पिंजऱ्याचे यंत्र सलग, नेहमीच्या चालण्याच्या वेगाने ढकलावे. हळू ढकलले तर पाती पुरेशी फिरत नाहीत. पुढच्या वेळी पट्टे रुंदीच्या दिशेने घ्यावेत, नाहीतर गवत एकाच बाजूला लोळण्याची सवय धरते. लहान मुलांना आणि कुत्र्याला तेवढा वेळ घरात ठेवावे. मोटारीच्या यंत्रातून खडा गोफणीसारखा सुटतो.

लव्हाळा हराळीपेक्षा वेगाने वाढतो, त्यामुळे कापल्यानंतर तिसऱ्याच दिवशी त्याची पाती डोके वर काढतात आणि हिरवळ न कापल्यासारखी वाटते. केवळ त्यासाठी पुन्हा यंत्र चालवू नये. संध्याकाळी पाणी पिऊन जमीन मऊ झालेली असताना खुरप्याने त्याच्या गाठी काढाव्यात. गाजरगवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटावे. फुललेल्या गाजरगवतावरून यंत्र नेल्यास बी सगळीकडे पसरते.

एक कोपरा, दोन फूट बाय दोन फुटांचा, श्रावणापासून न कापता सोडावा. गणपतीला एकवीस दूर्वांच्या जुड्या लागतात, आणि सतत कापलेल्या हराळीला तीन पानांचा नीट दूर्वांकुर मिळत नाही. हा कोपरा आपला आहे, हे गल्लीला कळेपर्यंतच तो आपला असतो, एवढे लक्षात ठेवावे.

कापलेल्या गवताचे काय करावे

दर वेळी एक बोटभरच कापले असेल तर ते उचलूच नये. बारीक तुकडे दोन-तीन दिवसांत सुकून खाली बसतात आणि त्यांतला नत्र जमिनीला परत मिळतो. गोळे झाले असतील तर खराट्याने पसरवावेत. जास्त लांब कापले गेले तरच गोळा करावे. शेजारी कोणाकडे शेळी असेल तर भारा तिला द्यावा, मात्र त्या जागी तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेले नसावे. काही जण शेळीवाल्या मावशींनाच ‘गवत कापून न्या, पैसे नको’ असे सांगतात. ही सोय दोघांनाही परवडते, पण त्यांना चारा हवा असल्याने त्या गवत उंच झाल्यावरच येतात आणि अगदी बुडापासून नेतात, हे गृहीत धरावे.

कापणी वाढवणारी सगळ्यात सामान्य चूक म्हणजे जास्त युरिया. युरियात ४६ टक्के नत्र असतो. एरवी चौरस मीटरला पाच ग्रॅम नत्र धरून माझ्या मापाच्या हिरवळीला सुमारे दोनशे ग्रॅम युरिया सांगितला जातो. कापलेले गवत जागेवर सोडणाऱ्याने त्याचा निम्मा, म्हणजे शंभर ग्रॅम, पावसाळ्यात एकदाच, गवत कोरडे आणि जमीन ओली असताना फेकला तरी भागते. मूठ भरून अंदाजाने टाकला तर आठवड्यात दोनदा कापायची वेळ येते.

धार

कापल्यानंतर दोन दिवसांनी हिरवळीकडे खाली वाकून पाहावे. शेंडे पांढरट आणि धाग्यांसारखे चिरलेले दिसले तर पाते बोथट झाले आहे. विळ्याला कानशीने किंवा सहाणेच्या दगडाने एकाच बाजूने, बुडाकडून टोकाकडे धार द्यावी. मोटारीच्या यंत्राची पिन उपसलेली आहे याची पुन्हा खात्री करून, मगच पाते काढून, मूळ उताराच्याच कोनात कानस चालवावी आणि नंतर पाते मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर आडवे अडकवून पाहावे. जी बाजू खाली झुकते ती जड आहे, तिकडून आणखी थोडे घासावे. समतोल नसलेल्या पात्याने मोटारीचे बेअरिंग खराब होते. पिंजऱ्याच्या यंत्रासाठी गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह बसवताना वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट पात्यांना लावून पिंजरा उलट्या दिशेने काही मिनिटे फिरवावा, मग पेस्ट रॉकेलच्या फडक्याने पूर्ण पुसून वर्तमानपत्राची परीक्षा पुन्हा घ्यावी. वर्षातून दोनदा, रोहिणीत आणि गणपतीच्या आधी, एवढे केले की पुरते.

शेवटची कापणी झाल्यावर यंत्र पाण्याने धुऊ नये. चाकांवरची आणि पात्यांवरची माती काडीने खरवडावी, कोरड्या फडक्याने पुसून पात्यांना गाडीचे वापरलेले ऑइल थोडेसे फासावे. पेट्रोलचे यंत्र असेल तर टाकी रिकामी करून ते बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, कारण हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओलावा धरतो आणि काही महिन्यांनी कार्बोरेटर चोंदलेला सापडतो. मग ते गोणपाटात गुंडाळून, पाती भिंतीकडे करून, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावे.